कोकणच्या गरम कुंडांत समुद्र किती?

उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. कोकणातील या गावांची नावे एकापाठोपाठ उच्चारली की जमिनीखाली काय दडले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात पालीजवळ, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात आणि पुढे राजापूरच्या परिसरात गरम पाणी आपोआप भूपृष्ठावर येते आणि गावाला नाव देऊन जाते. उत्तरेला पालघर जिल्ह्यातील कोकनेर-सातिवली, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली, महाडजवळील सव, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी आणि दक्षिणेला राजापूर अशी ही साखळी सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. उन्हवरे येथील पाणी सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास, तुरळ येथील साठीच्या घरात, तर राजापूरचे चाळिशीच्या थोडे पुढे असते.

या कुंडांविषयी दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. पहिली, खाली ज्वालामुखी धुमसतो आहे. दुसरी, पाण्यात गंधक आहे आणि म्हणून त्वचेचे विकार बरे होतात. पहिली समजूत तर सरळसरळ चुकीची आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून बनला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या लाव्हाची ऊब आजवर टिकणे शक्य नाही. जमिनीत खोल जाऊ तसे दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढते, काही ठिकाणी त्याहून अधिक. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे काही किलोमीटर खाली उतरते, तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून झपाट्याने वर येते. किनारपट्टीला साधारण समांतर गेलेल्या अशा भेगांच्या रेषेवरच कोकणातील बहुतेक कुंडे आहेत.

दुसरी समजूत अधिक रंजक आहे. लोक या झऱ्यांना गंधकाचे झरे म्हणतात. परंतु बहुतेक कुंडांच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण पाहिले तर त्यात ठळकपणे दिसते ते मीठ. सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड हे त्यातील मुख्य घटक. भोवतालच्या गोड्या विहिरींत क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे काही दशक मिलिग्रॅम असते, तर अनेक गरम झऱ्यांत ते काही शेकड्यांत जाते. कातळात तर मिठाचे थर नाहीत. मग हे क्लोराइड आले कोठून?

पश्चिमेला नजर टाकली की उत्तर सोपे वाटते. अरबी समुद्र यांपैकी बऱ्याच कुंडांपासून सरळ रेषेत वीस ते चाळीस किलोमीटरवर आहे. कोकणातील खाड्यांमधून भरतीचे पाणी बरेच आत येते. समुद्र भेगांमधून खाली झिरपला आणि तापून वर आला, एवढेच म्हणून प्रकरण मिटवता येईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, मुंबईची आयआयटी, भाभा अणुसंशोधन केंद्र अशा संस्थांतील शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत या पाण्याचे वारंवार नमुने तपासले आणि उत्तर इतके सोपे नाही हे दाखवून दिले. काहींच्या मते यात समुद्राच्या पाण्याचा अल्प अंश आहे. काहींच्या मते क्लोराइड खडकांतूनच, विशेषतः कातळाखालच्या जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांतून आले आहे. हा वाद नुसता पुस्तकी नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. उद्या कोकणात कोणी खोल विंधणविहीर घेतली आणि गरम पाणी उपसू लागले, तर त्या जागी खालून काय भरून येईल, पावसाचे पाणी की समुद्राचे, हे या वादाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

समुद्राचे पाणी म्हणजे नेमके काय, येथून सुरुवात करू. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम जवळपास १.३ ग्रॅम, तर कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. जगातील कोणत्याही खुल्या महासागरातून पाणी आणा, खारटपणा थोडा कमी-अधिक भरेल, पण या घटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ तेच राहील. समुद्राची ही सही आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्यातील एक अक्षर विशेष लक्षात ठेवावे: समुद्रात कॅल्शियमच्या तिपटीहून अधिक मॅग्नेशियम असते.

आता हिशेब करून पाहू. गोड्या पाण्याचे ९८ भाग आणि समुद्राचे २ भाग एकत्र केले, तर मिश्रणात केवळ समुद्रामुळे लिटरमागे सुमारे ३९० मिलिग्रॅम क्लोराइड येईल. कोकणातील एखाद्या खारट झऱ्याला शोभेल असाच हा आकडा आहे. म्हणजे शंभरात दोन भाग समुद्र असला तरी पुरे. परंतु त्याच दोन भागांबरोबर सुमारे २६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ५४ मिलिग्रॅम सल्फेटही यायला हवे, आणि कॅल्शियम मात्र जेमतेम ८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात कोकणातील गरम पाण्यात मॅग्नेशियम नगण्य असते, बहुधा शेजारच्या गार विहिरीपेक्षाही कमी. आणि कॅल्शियम भरपूर. सही जुळत नाही. मग समुद्राला निर्दोष सोडायचे का?

येथे आइसलँडकडे पाहणे भाग आहे, कारण तेथे हाच प्रश्न स्पष्टपणे सुटलेला आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला रेक्यानेस नावाचे द्वीपकल्प आहे. खडक आपल्यासारखाच, बेसॉल्ट. फक्त तो भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा, सच्छिद्र आणि भेगाळलेला. अशा खडकात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर उंच असेल, तर तिच्याखाली गोड्या पाण्याचा थर साधारण चाळीस मीटर खोल असतो, असा नियम डच व जर्मन अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. त्याचीच दुसरी बाजू अशी की गोडे पाणी एक मीटर उपसून खाली आणले, तर खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होण्यामागे हेच गणित असते.

रेक्यानेसच्या टोकाला जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर जे सुमारे ३०० अंशांचे पाणी मिळते, त्यातील क्लोराइड समुद्राइतकेच आहे. तेथून जवळच असलेल्या स्वार्त्सेंगी येथे दोन-तृतीयांश समुद्र आणि एक-तृतीयांश गोडे पाणी असे मिश्रण आहे. समुद्राचा सहभाग तेथे कोणी नाकारत नाही. तरीही त्या पाण्याचे पृथक्करण करा, सही तेथेही जुळत नाही! समुद्रात किलोमागे १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास असलेले मॅग्नेशियम रेक्यानेसच्या खोल विहिरींत एखाद्या मिलिग्रॅमवर आलेले असते. २,७०० मिलिग्रॅम सल्फेटचे अवघे काही दशक मिलिग्रॅम उरते. उलट कॅल्शियम आणि पोटॅशियम समुद्राच्या तिप्पट-चौपट होतात आणि समुद्रात जवळजवळ नसलेली सिलिका काही शे मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते.

हा बदल गरम खडक घडवून आणतो. दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे तापलेल्या बेसॉल्टशी समुद्राचे पाणी भिडले की त्यातील मॅग्नेशियम खडकात शिरून चिकणमातीसारखी हिरवट खनिजे तयार करते. हे इतके निखळपणे घडते की महासागराच्या तळावरील साडेतीनशे अंशांच्या उष्ण झऱ्यांत मॅग्नेशियम जवळजवळ शून्य असते. असे तळावरचे झरे प्रथम १९७७ मध्ये प्रशांत महासागरात गॅलापागोसजवळ प्रत्यक्ष पाहिले गेले आणि नद्या कोट्यवधी वर्षे समुद्रात मॅग्नेशियम आणून ओतत असताना समुद्रात ते साचत का नाही, या जुन्या कोड्याचा मोठा भाग उलगडला. मॅग्नेशियम खडकात जाते तेव्हा खडकातील फेल्डस्पार नावाच्या खनिजातून कॅल्शियम सुटून पाण्यात येते. पोटॅशियम आणि सिलिकाही खडकातूनच विरघळतात.

सल्फेटचे काय होते, हे ज्यांच्या घरी बोअरच्या पाण्यावर गिझर चालतो त्यांना लवकर कळेल. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते; परंतु काही कॅल्शियमयुक्त क्षार नेमके उलट वागतात, पाणी तापले की ते बाहेर पडून चिकटतात. गिझरच्या कॉइलवरील पांढरे कवच चुनखडीचे असते. समुद्रातील सल्फेट आणि कॅल्शियम यांपासून बनणारे ॲनहायड्राइटही याच स्वभावाचे. समुद्राचे पाणी तापत खाली जाताना सल्फेट अशा रीतीने खडकाच्या भेगांतच मागे राहते.

अशा प्रवासातून सुखरूप पार पडतात ते क्लोराइड आणि त्याचा धाकटा भाऊ ब्रोमाइड. खडकाला या दोहोंत फारसा रस नसतो. समुद्रात वजनाने ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट क्लोराइड असते आणि पाणी कितीही तापले, पातळ झाले किंवा खडकाशी झगडले, तरी हे गुणोत्तर सहसा फारसे हलत नाही. मिठाच्या थरातून विरघळलेल्या क्लोराइडमध्ये तेच गुणोत्तर हजारांत जाते. म्हणून झऱ्याच्या पाण्यातील मीठ सागरी आहे की नाही याची साक्ष मॅग्नेशियमकडे मागण्यात अर्थ नाही. ती ब्रोमाइडकडे मागावी लागते. तोही अगदी निर्विवाद साक्षीदार नाही. दोन टक्के समुद्राबरोबर येणारे ब्रोमाइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून कमी भरते आणि एवढ्याशा मापात प्रयोगशाळेची छोटी चूकही निकाल फिरवू शकते. शिवाय ग्रॅनाइटच्या खनिजांतील सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेल्या जुन्या खाऱ्या द्रवातही ब्रोमाइड असते.

म्हणजे कोकणातील झऱ्यांत मॅग्नेशियम कमी आणि कॅल्शियम जास्त असणे हा समुद्र नसल्याचा पुरावा ठरत नाही. तापलेल्या खडकातून फिरून आलेला समुद्र असाच दिसेल. परंतु नुसते पावसाचे पाणी गरम खडकातून फिरले तरी त्यात मॅग्नेशियम कमीच राहते. दोन्ही पक्षांना तोच पुरावा लागू पडतो, म्हणूनच वाद इतका रेंगाळला.

खुद्द पाण्याच्या रेणूंकडून साक्ष घेण्याचीही एक पद्धत आहे. पाण्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. समुद्रावरून वाफ उठते तेव्हा जड अणू मागे राहण्याकडे कल असतो, त्यामुळे पावसाचे पाणी समुद्राच्या तुलनेत किंचित हलके असते. समुद्राची पातळी शून्य धरली तर पाऊस उणे भरतो. कोकणातील गरम पाण्याची अशी मोजणी झाली आहे आणि ते पाणी मुख्यतः पावसाचेच असल्याचे त्यातून दिसते. अनेकदा येथेच प्रश्न निकालात काढला जातो: पाणी पावसाचे, समुद्राचा संबंध नाही.

हा निष्कर्ष घाईचा आहे, असे आमचे मत आहे. पुन्हा तोच दोन टक्क्यांचा हिशेब करा. समजा पावसाच्या पाण्यातील जड ऑक्सिजनचे माप उणे २ आहे आणि समुद्राचे शून्य. अठ्ठ्याण्णव भाग पाऊस व दोन भाग समुद्र मिळून माप होईल उणे १.९६. हा फरक ०.०४ एवढाच, आणि नेहमीच्या उपकरणांची अचूकताच ०.१ च्या आसपास असते. म्हणजे झऱ्यातील जवळपास सगळे क्लोराइड समुद्राचे असले, तरी समस्थानिके पावसाकडेच बोट दाखवतील. पाणी कोणाचे आणि मीठ कोणाचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी पावसाचे आणि मीठ समुद्राचे, हे एकाच झऱ्यात सहज नांदू शकते.

रेक्यानेसमध्येही या दोन साक्षींचा मेळ बसत नाही. तेथील पाण्यात क्लोराइड समुद्राइतके, पण हायड्रोजनचे माप समुद्रापेक्षा बरेच हलके, उणे २० च्याही खाली. हिमयुगात तेथे साचलेल्या बर्फाचे वितळलेले पाणी एकेकाळी खडकात भरलेले होते आणि नंतर समुद्र आत शिरला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडे हिमनग नव्हते. तथापि सुमारे २० हजार वर्षांपूर्वी जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि नंतर ती वर आली. किनारा आज जेथे आहे तेथे तो नेहमीच नव्हता. त्यामुळे कोकणातील खारेपणात समुद्राचा अंश असल्यास तो आजच्या अरबी समुद्रातून चालू असलेला पुरवठा आहे की जुना, अडकून राहिलेला साठा, हा आणखी एक प्रश्न उरतो.

अंतराने मात्र काहीच ठरत नाही, हे राजापूरने दाखवून दिले आहे. समुद्रापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर असलेल्या तेथील गरम पाण्यात क्लोराइडपेक्षा बायकार्बोनेट वरचढ आहे आणि एकूण क्षारही कमी. समुद्राहून अधिक दूर असलेल्या तुरळ-राजवाडीचे पाणी मात्र क्लोराइडप्रधान आहे. पाणी कोणत्या भेगेतून, किती खोल आणि कोणत्या खडकातून फिरले यावर बरेच अवलंबून असते. पावसातून येणाऱ्या सागरी मिठानेही हे कोडे सुटत नाही. मान्सूनच्या पावसात क्लोराइड असते, पण लिटरमागे काही मिलिग्रॅमच.

या सगळ्याचा व्यवहाराशी संबंध कोठे येतो? सर्वात आधी तापमानाच्या अंदाजात. खाली खरोखर किती उष्णता आहे हे विहीर खणण्यापूर्वी जाणून घ्यायचे, तर झऱ्याच्या पाण्यातील सिलिका किंवा सोडियम-पोटॅशियमच्या गुणोत्तरावरून सूत्राने काढतात. कोकणातील झऱ्यांसाठी असे अंदाज शंभर अंशांच्या आगेमागे आणि काही वेळा त्याहून बरेच वर येतात. आता गंमत पाहा. समुद्राच्या गार पाण्यातील सोडियम आणि पोटॅशियमचे आकडे १९७९ पासून प्रचलित असलेल्या अशाच एका सूत्रात घातले, तर उत्तर येते सुमारे १४४ अंश! गिरगाव चौपाटीवरून बाटली भरून आणली तरी सूत्र हेच सांगेल. तेव्हा झऱ्यात समुद्राचा अंश असेल आणि तो खडकाशी पुरेसा समरस झाला नसेल, तर कागदावर दिसणारी उष्णता निव्वळ आभास असू शकतो. सिलिकेच्या सूत्राशी ताळा न घालता असे आकडे छापणे जोखमीचे आहे.

नंतरचा प्रश्न नळ आणि यंत्रांचा. आइसलँडच्या राजधानीत गरम भूजल थेट घरोघरी खेळवले जाते, कारण तेथील अनेक स्रोत गोडे आहेत. स्वार्त्सेंगीला ते जमत नाही. तेथील खारे, सिलिकायुक्त पाणी नळांत सोडले तर ते गंजतील आणि तुंबतील. म्हणून १९७० च्या दशकात उभारलेल्या या केंद्रात खाऱ्या पाण्याची उष्णता गोड्या पाण्याला दिली जाते आणि ते गोडे पाणी गावांत जाते. वापरून झालेले खारे पाणी शेजारच्या लाव्हाच्या खडकात सोडले गेले, सिलिकेने तळाची छिद्रे बुजली आणि निळसर-दुधी तळे साचले. तेच आज जगभरच्या पर्यटकांना ठाऊक असलेले ‘ब्लू लगून’. डिसेंबर २०२३ पासून त्या भागात ज्वालामुखीचे उद्रेक सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्हाने गरम पाण्याची वाहिनीच तोडली, तेव्हा ऐन थंडीत हजारो घरे गारठली होती. कोकणाला तो धोका नाही. परंतु वापरलेले खारट, गरम पाणी टाकायचे कोठे, हा प्रश्न येथेही पडेल. तानसा किंवा सावित्रीच्या पात्रात ते सोडणे परवडणारे नाही.

राहिला कुंडावर जाणाऱ्या सर्वसामान्य माणसाचा प्रश्न. गरम पाण्यात बसल्याने दुखरे सांधे सैलावतात, त्यासाठी गंधकाची गरज नाही. उष्णता पुरेशी असते. पाणी औषध म्हणून पिण्याची मात्र घाई करू नये. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १,००० पर्यंत मुभा दिली आहे. आपल्या कुंडाचे पाणी यात कोठे बसते हे साध्या तपासणीतही कळते.

समुद्राचा वाटा ठरवण्यासाठी मात्र साधी तपासणी पुरत नाही. एकाच कुंडाचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, खाडीलगतच्या ठिकाणी भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी घ्यावे लागतात. शेजारच्या गार विहिरीचा आणि खाडीचा नमुना त्याच दिवशी हवा, क्लोराइडबरोबर ब्रोमाइड हवे आणि मोजणी काही वर्षे सलग हवी. गरम पाण्याचा उपसा सुरू होण्यापूर्वीचे असे आकडे हाताशी असतील, तरच पुढे क्लोराइड वाढू लागल्यावर ती वाढ उपशामुळे झाली की मुळातलीच होती हे सांगता येईल. उपसा सुरू झाल्यानंतर आधीचे पाणी मोजायला मिळत नाही.